अण्णांचा डाव आणि यंत्राची खोली

बुद्धिबळाच्या पटावर किती पुढचे पाहिले असता खेळणाऱ्याचे बळ किती वाढते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ फुरसतीच्या वेळचा वाटतो. तथापि सन २०२५ च्या पावसाळ्यात या एका प्रश्नाने आमच्या पालीच्या घरात दोन महिने ठाण मांडले होते, आणि त्यात आमचे वडील बंधू अण्णा यांची शेहेचाळीस वर्षांची कीर्ती पणाला लागली होती. ती हकीकत सांगावी, आणि सांगता सांगता त्या यंत्राच्या पोटात काय चालते तेही, आम्हांस उमगले तेवढे, वाचकांपुढे ठेवावे, असा विचार आहे. आम्ही जुने मॅट्रिक. पुढे पाठशाळेत संस्कृत, आणि मग जन्मभर मास्तरकी. यंत्रविद्येचा आम्हांस गंध नाही. जे काही कळले ते आमच्या नातवाच्या तोंडून. तो छत्रपती संभाजीनगर येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो आणि सुटीत घरी आला की माडीवर लॅपटॉप उघडून बसतो.

प्रथम अण्णांचा डाव सांगितला पाहिजे. सन १९७९ साली बीड येथे गणेशोत्सवानिमित्त बुद्धिबळाचे सामने झाले. शेवटच्या फेरीत अण्णांची गाठ तेथील एका वकिलांशी पडली. वकीलसाहेब वयाने वडील, पुस्तके वाचून खेळणारे, वृत्तीने मात उतावळे. अण्णा तेव्हा तिशीचे, एका कचेरीत कारकून. डाव ऐन मध्यावर आला असता अण्णांनी आपला हत्ती वकिलांच्या राजासमोरच्या प्याद्यावर घातला. राजाने हत्ती मारला. वजिराचा शह आला. राजा पुढे पटाच्या मध्याकडे पळाला. आणि तेथून अण्णांच्या सहाव्या खेळीस घोड्याने मात झाली. वकिलांनी उठून अण्णांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हत्ती घेतला तेव्हाच मी मेलो होतो." पुढे पंचवीस वर्षे, भेट झाली की ते हेच म्हणत; आणि हाच विश्वास बाळगून ते वारले. आमच्या घरी मुंजीला वा लग्नाला पाहुणे जमले म्हणजे जेवणानंतर पट मांडला जाई आणि "अण्णांचा हत्ती" दाखविला जाई. घरातील प्रत्येक मूल हा डाव रामरक्षेच्या मागोमाग शिकले, असे म्हटले तरी चालेल.

आता यंत्र घरात कसे शिरले ते. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरची दिव्या देशमुख महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोनेरू हंपीशी खेळत होती. एकोणीस वर्षांची मराठी मुलगी, समोर हंपीसारखी मुरलेली खेळाडू. तेव्हा घरातील सर्व मंडळी नातवाच्या लॅपटॉपभोवती जमली होती. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले, आणि २८ जुलै रोजी जलद डावांत दिव्याने सामना जिंकून ग्रँडमास्टर ही पदवीही मिळविली. त्या प्रक्षेपणात पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते, अर्धी पांढरी, अर्धी काळी. ज्याचे पारडे जड त्याचा रंग वाढतो. आमच्या वहिनींना घोडा कसा चालतो हे आजही ठाऊक नाही; परंतु पट्टीकडे पाहून कोण जिंकत आहे ते त्या बिनचूक सांगू लागल्या. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही पट्टी हलवतो कोण?"

"इंजिन, अण्णाआजोबा."

"ते किती पुढचं पाहतं?"

"जितका वेळ द्याल तितकं. आत्ता चोवीस खेळ्या. थांबलात तर तीस."

आणि मग नातू सहज म्हणाला, "तुमचा हत्तीचा डाव घालून पाहायचा का?"

वहिनी चटकन म्हणाल्या, "काही नको. चांगलं चाललं आहे ते चालू द्या." अण्णांनी मात्र मान डोलविली. "घाल. पण आधी ते यंत्र करतं काय ते मला सांग. ज्याच्यापुढे साक्ष द्यायची त्याचा स्वभाव ठाऊक असावा."

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर माडीवर वर्ग भरू लागला. शिक्षक वीस वर्षांचा, विद्यार्थी अनुक्रमे सहासष्ट आणि शहात्तर वर्षांचे.

खेळ तसा आपल्या अंगणातलाच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या करमणुकींत बुद्धिबळाचे वर्णन आहे, आणि त्या काळी हा आमचा मुलूखही चालुक्यांच्याच सत्तेखाली होता. पुढे सतराव्या शतकात काशीस नीलकंठ भट्टांनी आपल्या 'भगवन्तभास्कर' या प्रचंड ग्रंथात हा खेळ सांगितला. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. ज्यांच्या 'व्यवहारमयूखा'वर मुंबईच्या न्यायालयांत वारसाचे निवाडे झाले, त्या धर्मशास्त्र्यास घोड्याच्या उड्या सांगण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आम्ही पूर्वी मुलांना मुद्दाम सांगत असू. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही ब्राह्मणाने मागितलेल्या धान्याची कथाही याच पटाची. चौसष्ट घरांच्या दाण्यांची बेरीज वीस अंकी होते. नातवाचा पहिला पाठ या दाण्यांपासूनच सुरू झाला.

खेळी म्हणजे एका बाजूने एकदा मोहरे हलविणे. इंग्रजीत तिला प्लाय म्हणतात. डावाच्या आरंभी पांढऱ्यास वीस खेळ्या करता येतात. काळ्याचे उत्तरही वीसपैकी एक. म्हणजे दोन खेळ्यांअखेर ४०० प्रकार झाले. तिसऱ्या खेळीअखेर ८,९०२. चौथ्याअखेर १,९७,२८१. पाचव्याअखेर ४८,६५,६०९. सहाव्याअखेर, म्हणजे प्रत्येक खेळाडू तीनदाच खेळला असता, ११,९०,६०,३२४. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने यंत्राने बुद्धिबळ कसे खेळावे यावर १९५० साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याच्या अंदाजाने संपूर्ण डावाचे प्रकार एकावर एकशेवीस शून्ये इतके होतात. तेव्हा शेवटपर्यंत पाहणे हा विषयच संपला. कोठेतरी थांबावे लागते. जितक्या खेळ्यांवर यंत्र थांबते ती त्याची खोली.

परंतु थांबल्यावर काय? तेथे यंत्रास समोरच्या स्थितीचा निवाडा करावा लागतो, आणि सारी गोम येथे आहे. नातवाने महाविद्यालयात स्वतः एक लहानसे बुद्धिबळाचे यंत्र, म्हणजे संगणकाची आज्ञावली, लिहिले होते. त्याचा निवाडा अगदी वाण्याच्या तराजूचा: प्याद्याचा एक गुण, घोडा व उंट यांचे तीन तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ, दोन्ही बाजूंची बेरीज करावी आणि वजाबाकी करावी. बस्स. याच्याशी आम्ही एकेक खोलीवर खेळून पाहिले.

एका खेळीचे यंत्र म्हणजे पंगतीतले हावरे पोर. दिसेल ते उचलते. आमचे प्यादे राखलेले आहे, त्यास मारले तर आपला वजीर जाईल, याचा त्यास पत्ता नसतो; कारण मारल्याबरोबर त्याचे पाहणे संपते आणि बेरजेत एक गुण वाढलेला दिसतो. खोली दोन केली की हे वेड थांबते, कारण आता त्यास आमचे उत्तर दिसते. तीन केली की मौज होते: शेवटची खेळी पुन्हा त्याची स्वतःची, म्हणून त्या शेवटच्या खेळीत ते पुन्हा हावरट होते, आणि त्या खोट्या लाभाच्या आशेने आजची खेळी बिघडवते. चारला पुन्हा शहाणपण येते. आम्ही चार खेळ्यांच्या यंत्रास बहुधा हरवीत असू. सहाच्या यंत्रापुढे मात्र एकही चूक पचत नसे. ते योजना काही करीत नाही. पण आमचे सुटे राहिलेले मोहरे त्याच्या नजरेतून कधीच सुटत नाही. आमच्यासारख्या खेळाडूचे अर्धे डाव सुट्या मोहऱ्यांनीच जातात.

या थांबण्याने एक विलक्षण दोष उत्पन्न होतो. हान्स बर्लिनर या बुद्धिबळपटू संगणकशास्त्रज्ञाने १९७३ साली त्याला क्षितिजाचा परिणाम असे नाव दिले. समजा, यंत्राचा उंट अडकला आहे आणि सहाव्या खेळीस तो मरणार हे त्यास दिसले. मधेच एक प्यादे उगाच पुढे करून शह दिला तर ते मरण आठव्या खेळीवर जाते, म्हणजे क्षितिजापलीकडे. आणि जे दिसत नाही ते यंत्राच्या लेखी घडतच नाही. मग ते एक प्यादे देते, पुढच्या खेपेस दुसरे देते, आणि शेवटी उंट जातो तो जातोच. सावकाराचा माणूस दाराशी आला की घरातले एक भांडे गहाण टाकून त्यास महिनाभर परत लावावे, आणि महिन्याने दुसरे भांडे काढावे, असे संसार आम्ही पाहिले आहेत. यावर उपाय असा काढला की, मारामारी चालू असता थांबायचेच नाही. घेण्यासारखे काही उरले नाही, पट शांत झाला, की मग तराजू काढायचा. नातवाने आपल्या यंत्रात ही एवढीच सुधारणा केली, आणि खोली न वाढविता ते आम्हांस लक्षणीय जड जाऊ लागले.

दुसरी युक्ती आम्हांस फारच आवडली, कारण ती आमच्या घरोघरी चालते. मुलीसाठी पत्रिका पाहताना एकनाड निघाली, तर उरलेले गुण मोजीत कोण बसतो? ती पत्रिका बाजूस ठेवून पुढची हाती घेतात. तसेच एखाद्या खेळीला प्रतिपक्षाचे एक सज्जड उत्तर सापडले, आणि ती खेळी आधी पाहिलेल्या खेळीहून वाईट ठरली, की त्याची बाकीची उत्तरे तपासण्याचे कारण उरत नाही. याचे गणित डोनाल्ड कनूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ साली मांडले. प्रत्येक वेळी तीस खेळ्या शक्य आहेत असे धरले तर सहा खेळ्यांच्या खोलीस ७२ कोटी ९० लक्ष स्थिती पाहाव्या लागतील. चांगल्या खेळ्या आधी तपासल्या गेल्या, तर उत्तम पक्षी त्या ५४ हजारांवर येतात. म्हणजे तेवढ्याच श्रमात जवळजवळ दुप्पट खोल जाता येते. मात्र अट अशी की, चांगले स्थळ आधी पाहिले गेले पाहिजे. गठ्ठ्याच्या तळाशी राहिले तर सगळा गठ्ठा उपसणे आलेच.

आता अण्णांचा डाव नातवाच्या यंत्रापुढे ठेवला. खोली दोन: हत्ती गेला, पाच गुणांचा तोटा, फुकट एक प्यादे मिळाले. खोली चार: तोटा कायम. खोली सहा: लॅपटॉपचा पंखा भणभणू लागला, वहिनी खालून ओरडल्या की वर काय गिरणी लावली आहे, आणि उत्तर तेच, हत्ती गेला. नातू ओशाळला. अण्णा हसून म्हणाले, "अरे, सहा खेळ्यांत मलाही हत्ती गेलेलाच दिसत होता." खरेच, हत्तीपासून मातेपर्यंत दोन्ही बाजूंच्या मिळून पंधरा खेळ्या होत्या. सहाच्या यंत्रास ते क्षितिज कोठून दिसणार?

"मग एकेक खेळी वाढवली की किती फरक पडतो?" आम्ही विचारले. याचे उत्तर प्रयोगाने मिळालेले आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि जो कॉन्डन यांनी 'बेल' नावाचे यंत्र बांधले होते. १९८० साली लिंझ येथे ते यंत्रांचे जगज्जेते झाले, आणि १९८३ साली मास्टरच्या श्रेणीस पोचलेले पहिले यंत्र ठरले. थॉम्प्सनने त्या यंत्राचीच स्वतःशी झुंज लावली, एका बाजूस एक खेळी जास्त देऊन. उथळ खोलीवर प्रत्येक जादा खेळीने बळ सुमारे दोनशे गुणांनी वाढते असे दिसले. हे गुण आर्पाद एलो या प्राध्यापकाच्या पद्धतीचे. दोनशेचे अंतर म्हणजे वरचढ खेळाडूने शंभर डावांत पंचाहत्तरांच्या आसपास गुण मिळवावे इतके. फार मोठे अंतर आहे हे. परंतु जसजसे खोल जावे तसतशी ही वाढ कमी होत जाते. तिसरीवरून चौथीवर जाण्याने जे मिळते ते विसावीवरून एकविसावीवर जाण्याने मिळत नाही. आणि दोन्ही बाजू खोल पाहू लागल्या की बरोबरीचे डाव वाढतात. श्रम मात्र प्रत्येक पायरीस गुणाकाराने वाढतच राहतात.

आमच्या बीड जिल्ह्यात हे कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. बिंदुसरेचे धरण गावाजवळ असूनही उन्हाळ्यात पाली पाण्याकडे डोळे लावून बसते. बोअर घेताना पहिल्या दोनशे फुटांस जो हिशेब असतो तो सहाशे फुटांस राहत नाही. फुटाचा दर चढत जातो आणि पाण्याची आशा उतरत जाते. तरी गाडी दाराशी उभी असता "आणखी पन्नास फूट" म्हणण्याचा मोह कोणास आवरत नाही. उलट बीडजवळची निजामशाहीतली खजाना विहीर पाहा; तिची कीर्ती खोलीसाठी नाही, न आटणाऱ्या पाण्यासाठी आहे. बांधणाराने जागा ओळखली होती.

जागा ओळखण्याची ही गोष्ट माणसांच्या बाबतीत फार पूर्वी दिसून आली होती. आद्रियान डी ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने आपल्या १९४६ च्या प्रबंधात थोर बुद्धिबळपटूंना मोठ्याने विचार करावयास लावून तपासले. जगातील अव्वल खेळाडू हे चांगल्या मंडळातील खेळाडूंपेक्षा फारसे खोल पाहत नव्हते. ते नेमक्या खेळीपाशी लवकर पोचत होते. यंत्रांनी प्रथम उलटा मार्ग धरला. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविणारे 'डीप ब्लू' सेकंदाला वीस कोटी स्थिती पाहू शके. पुढे २०१७ साली लंडनच्या डीपमाइंड संस्थेने 'अल्फाझीरो' आणले. ते स्वतःशी असंख्य डाव खेळून स्थितीचा निवाडा शिकले होते. सेकंदाला ते ऐंशी हजार स्थिती पाही. त्याचा प्रतिस्पर्धी 'स्टॉकफिश' सात कोटी. शंभर डावांत अल्फाझीरोने अठ्ठावीस जिंकले, बहात्तर बरोबरीत सोडविले, एकही हरले नाही. प्रतिस्पर्ध्यास पुरेशी साधने दिली नव्हती, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. तरी तराजूचे महत्त्व सर्वांस पटले, आणि २०२० साली स्टॉकफिशनेही शिकून तयार झालेला नवा तराजू घेतला. आज नातवाच्या लॅपटॉपमध्ये जे इंजिन आहे ते हेच.

आणखी एक गोष्ट त्याने बजावली. पट्टीशेजारी 'खोली ३०' असा आकडा दिसतो, तो फसवा असतो. इंजिन सर्व वाटा तीसपर्यंत चालत नाही. आशेच्या वाटा त्याहून खोल जातात, आणि जी खेळी प्रथमदर्शनी निरुपद्रवी वाटते तिला थोडेसे पाहून सोडून देतात. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडले.

एके रात्री नातू आमच्या खोलीत आला. अण्णा झोपले होते. त्याने स्टॉकफिशपुढे डाव ठेवला होता. वकिलांचा राजा पुढे पळाला तेथून मात आहे, हे त्यास क्षणात दिसले. तेथे अण्णांचे सर्व बरोबर. परंतु वजिराच्या शहास उत्तर म्हणून राजा पुढे न नेता मागे आपल्या घरी नेला, आणि नंतर एक उंट प्याद्याच्या मोबदल्यात परत दिला, तर काळा वाचत होता. एवढेच नव्हे तर खोली बारावर अण्णा तीन गुणांनी मागे, विसावर जवळजवळ दोन गुणांनी मागे. इंजिनाच्या मते हत्ती घालणे ही घोडचूक होती.

"सांगू की नको?" तो म्हणाला.

सकाळी स्वयंपाकघरात खलबत झाले. सूनबाईंचे म्हणणे पडले की, शहात्तर वर्षांच्या माणसास हे सांगून काय मिळवायचे? वहिनी आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही मास्तर. पेपर तपासल्यावर गुण लपवीत होता का?" पहिल्या दिवशी ज्यांनी नको म्हटले होते त्याच या. आम्ही अण्णांस सांगितले.

अण्णांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले आहे. पडद्यावरचा पट त्यांस सोसत नाही. त्यांनी लाकडी पट मागविला, मोहरी मांडली, आणि राजा मागे नेऊन पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे घर मी तेव्हाही पाहिलं होतं. पण वकील मागे जाणार नाहीत, हे ठाऊक होतं. त्यांनी कधी माघार घेतलीच नाही, पटावर किंवा कोर्टात." ही सबब खरी होती, आणि आम्हांस पुरेशीही वाटली. त्यांना वाटली नाही. तीन दिवस तो पट ओसरीवर तसाच मांडलेला होता. नातवंडांस त्यास हात लावण्याची मनाई झाली. अण्णा पूजा आटोपून बसत, दुपारी पुन्हा बसत. बोटांनी मोहरी चाचपीत, एक पुढे करीत, पुन्हा मागे ठेवीत.

चौथ्या दिवशी त्यांनी नातवास हाक मारली. "उंट परत दिल्यावर शह देऊ नकोस. कडेचं प्यादं एक घर पुढे कर."

"शह नाही, काही मारत नाही. एक हत्ती कमी असताना नुसतं प्यादं?"

"तू कर तर."

त्याने केले. इंजिनाने प्रथम अण्णांस साडेतीन गुणांनी मागे दाखविले. खोली सोळा, तीन. खोली वीस, दोनच्या खाली. वहिनी हातातले काम टाकून येऊन उभ्या राहिल्या होत्या. चोवीसपर्यंत आकडा एकावर अडून बसला. मग दिवे गेले, लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालत राहिला. सव्वीस ओलांडताच तेथे शून्य आले, आणि नंतर पुष्कळ वेळ शून्यच राहिले. त्या प्याद्याने काळ्या राजाचे एकुलते पळण्याचे घर बंद केले होते. आता अण्णांचा वजीर त्यास एकसारखा शह देत राहणार, आणि काळ्यास त्यातून सुटका नाही. डाव बरोबरी.

नातवाने याचा उलगडा केला. आरंभीच्या स्थितीतून पाहताना ती प्याद्याची मुकाट खेळी इंजिनाने निरुपद्रवी म्हणून थोडक्यात सोडून दिली होती. ती पटावर प्रत्यक्ष केली तेव्हा त्याचे सगळे पाहणे तिच्यापुढून सुरू झाले. त्याने मग उलट जाऊन हत्तीच्या खेळीपाशी इंजिनास तासभर पुन्हा विचार करावयास लावले, आणि तेथेही आकडा शून्यावर आला. साधी घोड्याची खेळी किंचित बरी, एवढे मात्र इंजिनाने शेवटपर्यंत सोडले नाही.

"म्हणजे मी हरलो नसतो," अण्णा म्हणाले. मग थोडे थांबून, "आणि तेही हरले नसते."

त्यांनी १९७९ ची वही आणविली आणि डावाखाली स्वतःच्या हाताने, थरथरत्या अक्षरात लिहिले, की काळ्याने राजा घरी नेल्यास बरोबरी. खाली तारीख घातली. आम्हांस वाटले, येथे काम झाले. परंतु त्यांनी विचारले, "वकिलांचा मुलगा आता कुठे असतो?" तो पुण्यास असल्याचे आम्हांस ठाऊक होते. "त्यांना कळवायला हवं. त्यांचे वडील जन्मभर म्हणत राहिले, हत्ती घेतला तेव्हाच मेलो. ते मेले नव्हते. दोन घरं मागे गेले असते तर डाव हातात होता."

नातू म्हणाला, मोबाईलवर आत्ता पाठवतो. अण्णा नको म्हणाले. वकिलांचा पट त्या घरी अजून असेल, कागद शेजारी ठेवून मोहरी मांडता आली पाहिजेत. तेव्हा आम्ही पोस्टकार्ड घेतले, आणि अण्णा सांगत गेले तसे लिहीत गेलो. हत्तीपासून कडेच्या प्याद्यापर्यंतच्या खेळ्या मावल्या. पुढचे शहामागून शह कार्डावर बसेनात, म्हणून ते पत्त्याच्या बाजूस बारीक अक्षरांत उतरविले.